मोहळबा

दसऱ्याला चिंचखोरीतले कोयते ऊसतोडीला बाहेर पडले, तेव्हा केसरबाईनं सुनेचा कोयता फडक्यात गुंडाळला, आढ्याला खोचला आणि म्हणाली, "आता ह्यो खाली यायचा न्हाई." सून मंजुळा खाली उभी राहून बघत होती. आदल्या हंगामात उसाच्या फडातच, मोळी डोक्यावर असताना, तिच्या पोटातलं गेलं होतं. एक दिवस ती पाचटाच्या कोपीत पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उभी राहिली, कारण मुकादमाकडं असल्या दुखण्याला सुट्टी नसते. केसरबाई तेव्हा शेजारच्याच सरीत होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाहूनही तिला काही करता आलं नव्हतं. आता मंजुळाला पुन्हा दिवस गेले होते. म्हणून यंदा मुलगा सटवा एकटाच ट्रॅक्टरवर ऊस भरायला गेला आणि सासू-सुना गावात राहिल्या.

राहिल्या खऱ्या, पण कशाच्या जोरावर? पावसानं त्या साली तोंड दाखवून पाठ फिरवली होती. पाटोद्याकडून टँकर यायचा तो कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नुसतीच बातमी यायची. जनावरं छावणीत गेली होती. अशा वर्षी गावातल्या दहा-बारा बायांनी मिळून 'सावली महिला बियाणे सहकारी संस्था' चालवायची ठरवली होती. संस्थेच्या चेअरमन कौशल्याबाई होत्या. म्हणजे सही कौशल्याबाईंची, आणि बाकी सगळं त्यांचे मालक सुंदरराव बघायचे. आपल्याकडं बायांची संस्था अशीच असते, त्यात सुंदररावांना एकट्याला नावं ठेवायचं कारण नाही. शेततळ्याच्या तळाला जे पाणी उरलं होतं, त्यावर ओढ्याकाठच्या एका तुकड्यात कांद्याचं बी धरायचं ठरलं.

आता कांद्याच्या बियाचं असं असतं, की गोंडा कितीही डौलात फुलला तरी त्यावर माशी फिरली नाही तर आत दाणा धरत नाही. आणि रानात तर औषधाला माशी उरली नव्हती. फूलच नाही तिथं ती तरी काय करणार? म्हणून संस्थेनं मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. इतर बाया माशीला भ्यायच्या. केसरबाई भीत नव्हती. आपण कुणालाच भीत नाही असा तिचा स्वतःबद्दल समज होता, आणि तो पुढं उतरायचा होता, पण त्या दिवशी तरी तिनं छाती पुढं काढून राखणीचं काम घेतलं. गोंड्यात काळा दाणा भरेपर्यंत माशी टिकली, तर संस्था टिकणार. संस्था टिकली, तर मंजुळाचा कोयता आढ्यालाच राहणार आणि होणारं लेकरू फडाच्या बांधावर नाही, घरातल्या पाळण्यात निजणार. केसरबाईच्या डोक्यात एवढंच होतं.

पहिला शत्रू निघाला मुंगळा. मधाच्या वासानं मुंगळ्यांची रांग लागायची आणि पेटीत शिरून पिल्लं ओढून न्यायची. त्यावर उपाय म्हणून पेटीच्या घोडीचा एकेक पाय पाण्याच्या वाडग्यात ठेवायचा असतो. केसरबाई आपल्या डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी त्या वाडग्यांत ओतायची आणि गाव हसायचं, की माणसाला प्यायला घोट नाही आणि ही बाई लाकडाच्या पायाला पाणी पाजते. ती हसू द्यायची. पण वाडग्यांचा पत्ता वानरांना लागला. तहानलेली वानरं वाडगी चाटून कोरडी करायची आणि जाता जाता पेटीची झाकणं उचकटून बघायची. त्यांनाही कसं रागवायचं, त्यांचंही ओढ्यातलं पाणी गेलंच होतं. मग केसरबाईनं मांजरसुंब्याच्या एका गॅरेजमधून जळकं ऑईल मागून आणलं आणि वाडग्यांत ते भरलं. वानरांसाठी बांधाच्या पलीकडं एक फुटका माठ पुरला आणि झाकणांवर तारेनं दगड बांधले. वेडे राघू तारेवर बसून उडती माशी टिपायचे. त्यांना हाकलायला मंजुळा पोट सावरत, गोफण घेऊन दिवसभर बांधावर बसायची. महिन्याभरात दोघींनी सगळ्या रानाशी तह केला होता, आणि पांढरे गोंडे टपोरे व्हायला लागले होते.

मग एका सकाळी दोघी शेतावर आल्या, तर टोकाच्या दोन पेट्या उलट्या पडल्या होत्या. शेजारी अर्धवट जळलेलं टायर अजून धुमसत होतं. पोळी पिळून फेकलेली, आणि जळक्या माश्यांचा काळा थर मातीवर पडलेला. मंजुळा खाली बसली आणि ओंजळीनं ती मेलेली माशी गोळा करायला लागली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. केसरबाईला इतका राग आला की रडू येईना.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. सुंदररावांचा पुतण्या शहादेव त्या दिवशी पारावर आला तो तोंडाला उपरणं गुंडाळून. डावा डोळा मिटलेला, ओठ वडापावएवढा. दाढ दुखते म्हणाला. डोळ्यात कुठली दाढ असते, असं पारावर कुणी विचारलं नाही. केसरबाई सुंदररावांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि समजावलं, की पोरं आहेत, तोंडाला चव म्हणून मध खाल्ला असेल, तुम्ही चौकीत गेलात तर गावात दोन तट पडतील आणि सगळ्यांत आधी संस्थाच फुटेल. ते खोटं बोलत नव्हते. त्याचंच केसरबाईला जास्त लागलं. ती परत आली आणि बांधावर बसून राहिली. मुंगळ्याला ऑईल होतं, वानराला माठ होता, राघूला गोफण होती. शहादेवला काय ठेवावं, ते सुचत नव्हतं.

सुचलं ते बापाच्या आठवणीनं. तिचा बाप नदीकाठी टरबुजाची वाडी करायचा. वाडीच्या तोंडाला एक शेंदूर फासलेला दगड ठेवायचा आणि दोन-दोन दिवस गावाला जायचा. एक टरबूज कधी हललं नाही. 'माणूस राखण करतो तवा चोर माणसाला बघतो,' असं तो म्हणायचा, 'देव राखण करतो तवा चोर सोताला बघतो.'

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रान सुनसान असताना, केसरबाई कोरड्या ओढ्यात उतरली. गुळगुळीत, काळा, पोटाशी धरता येईल एवढा एक गोटा तिनं निवडला आणि ओच्यात घालून आणला. पेट्यांच्या पुढ्यात, बाभळीखाली बसवला. घरून आणलेला शेंदूर तेलात कालवून त्याला फासला आणि खडूचे दोन डोळे काढले. डोळे थोडे तिरळे झाले. मंजुळा बघत होती. तिला हसू आलं, पेट्या लुटल्या गेल्यापासून पहिल्यांदाच. सासूही हसली.

हात धुवायला वळली, तर बांधावर सिदू उभा. सिदू धनगर तिच्याच वयाचा, मेंढरं ओढ्यातून वर काढत होता. तो किती वेळचा तिथं होता, ते कळायला मार्ग नव्हता. त्यानं पायताण काढलं, दगडाला हात जोडले आणि विचारलं, "केसरअक्का, ह्यो कंचा द्येव म्हणायचा?"

मारुती म्हणावं तर रूप नाही, म्हसोबा म्हणावं तर त्याला कोंबडं लागतं. समोर पेट्या गुणगुणत होत्या. ती म्हणून गेली, "मोहळाचा हाय. मोहळाचा बा."

"मोहळबा," सिदू म्हणाला, आणि मान डोलावून मेंढरांमागं निघून गेला.

उपाय असा लागू पडला की बापाची आठवण काढून केसरबाईनं मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. पेट्यांकडं कुणी फिरकेना. ओढ्यातून जाणारी पोरं लांबूनच हात जोडायची. शहादेव तर वाट बदलून जायला लागला. आपल्या सुजेचा अर्थ त्याला आता लागला होता. माश्या गोंड्यांवर तुटून पडल्या होत्या. सकाळच्या उन्हात सगळा तुकडा घुमायचा. मंजुळा म्हणायची, की त्या आवाजानं पोटातलं हलतं. सासू-सुनांचे ते थोडे दिवस फार बरे गेले.

मग राधाकिशनच्या बोअरला पाणी लागलं. राधाकिशन शेजारच्या शिवाराचा. आधीच्या दोन बोअरनी नुसता फुफाटा दिला होता. तिसरं बोअर घेताना त्याची बायको वच्छलाबाई जाता जाता मोहळबाला नारळ बोलली. सगळ्याच देवांना बोलून झालं होतं, हा एक राहिला होता. आणि मनगटाएवढं पाणी आलं. पुढं महिन्याभरात ते आटलं, पण पाणी लागल्याची बातमी गाडीनं जाते आणि आटल्याची घरातच बसते. वच्छलाबाईनं नारळ फोडला, गुळाचा नैवेद्य ठेवला आणि गावभर सांगितलं. ज्या गावात टँकरखाली बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, त्या गावाला ह्याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

मंगळवारी दहा माणसं आली. पुढच्या मंगळवारी बाभळीखाली उभं राहायला जागा नव्हती. तिकडून सिरसाळ्याची माणसं जीप करून आली म्हणे, त्यांच्या बोअरसाठी. नारळ फुटायला लागले, गुळाचे खडे आणि बत्ताशे पडायला लागले. धूप, ऊद, अगरबत्तीचे पुडेच्या पुडे पेटायला लागले. पेट्यांवरसुद्धा कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं. माशी चावली की लोक चावलेल्या जागी हात लावून तो कपाळाला लावायचे, देवानं खूण केली म्हणायचे. आणि ह्या सगळ्याची व्यवस्था कोण बघत होता? कपाळाला आडवा टिळा लावून, गळ्यात भगवा पंचा घालून, रांग लावत होता तो शहादेव. सूज उतरली होती. भक्ती चढली होती.

केसरबाईला आधी गंमत वाटली, मग थोडा अभिमान वाटला, आणि मग एका बुधवारी तिनं खाली वाकून बघितलं. गुळाला मुंगळे लागले होते. रोजचे नव्हेत, सगळ्या शिवारातले. वाडग्यांतल्या ऑईलवर फुलांच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीच्या काड्या पडल्या होत्या, आणि त्यांचा पूल करून मुंगळे निवांत पेटीत चढत होते. वर खोबऱ्यासाठी वानरं परत आली होती आणि आता त्यांना हाकलायची सोय राहिली नव्हती, कारण लोकांनी त्यांनाही हात जोडायला सुरुवात केली होती. धुरानं माश्या पेटीच्या तोंडाशी घोस करून लटकल्या होत्या. पेट्यांतली ही सातेरी माशी म्हणजे मानी जात. तिला घरात सुख नाही असं एकदा वाटलं, की भरलं पोळं टाकून ती उठते आणि मागं वळून बघत नाही. आणि गोंड्यांतली बरीच फुलं अजून फळायचीच होती.

तिनं गूळ उचलला, तर बाया म्हणाल्या, देवाच्या तोंडचा घास काढू नको. तिनं धूप विझवला, तर शहादेवनं नम्रपणे पुन्हा पेटवला. ती सुंदररावांकडं गेली. ते म्हणाले, "केसरबाई, पेट्या हलवा म्हणता, पर लोक म्हणतात त्या द्येवाच्या माश्या हायत. द्येवापासनं त्येचं मोहळ हलवायचं म्हंजे गाव पेटंल." मग ते थोडे पुढं वाकले आणि म्हणाले, की पत्र्याचं शेड टाकायचं चाललंय, तुम्ही म्हणाल तसं टाकू. ह्या वेळीही चहा पाजला.

तेव्हा तिनं खरं सांगायचं ठरवलं. मंगळवारची आरती झाली, हलगी थांबली, आणि केसरबाई दगडाशेजारी उभी राहिली. सगळं सांगितलं. हा देव नाही. हा ओढ्यातला दगड आहे. म्या आणला, म्या शेंदूर फासला, चोर लांब राहावा म्हणून. डोळेसुद्धा खडूचे आहेत. ह्या धुरानं माशी उठंल, आणि माशी उठली तर आमच्या बियाचं वाटोळं होईल, आणि आमच्या सुना पुन्हा फडात जातील. चार-दोन माना हलल्या. तिला वाटलं, पटलं. पुरावा म्हणून तिनं गर्दीत उभ्या सिदूला हाक मारली. "सिदू, तू हुतास त्या दिशी. खरं सांग."

सिदू पुढं आला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि केसरबाईचं वाईट व्हावं असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं.

"म्या बघितलं," तो म्हणाला. "अक्कानंच आणला. ओच्यात घालून, लेकरावानी. पर अक्का, वढ्यात दगडाला काय तोटा हाय का? एवढ्या दगडातनं तू ह्योच कावून उचलला?"

गुळगुळीत होता म्हणून, असं केसरबाई म्हणणार होती, पण तेवढ्यात गर्दीतून एक मोठा हुंकार आला, बायांनी पदर डोक्यावरून ओढले आणि शहादेव सगळ्यांच्या पुढं होऊन तिच्या पायावर पडला. ज्या हातांनी टायर पेटवलं होतं, ते हात त्यानं तिच्या पावलांवर ठेवले. देवानं मावशीकडून स्वतःला बसवून घेतलं, तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. त्या संध्याकाळी केसरबाई मोहळबाची पुजारीण झाली. तिला कुणी विचारलं नाही.

शिवरात्र दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी मोठी जत्रा भरवायची, लाऊडस्पीकर लावायचा, असं ठरलं होतं. जत्रेच्या आदल्या पहाटे, रान उजळायला लागताना, सासू-सुना शेतावर गेल्या. दगड उचलायचा आणि लांब ओढ्यात इतर दगडांत टाकून द्यायचा. शेंदूर खरवडून काढला की तोही इतरांसारखाच. लोक आले की म्हणायचं, देव गेला. जसा आला तसा गेला. हे मंजुळाला सुचलं होतं आणि ते पक्कं होतं. देव आपल्या मनानं ओच्यात आला असेल, तर आपल्या मनानं जाईलही, म्हणजे सिदूच्या प्रश्नालाही त्यात उत्तर होतं.

केसरबाई दगडापुढं बसली. हात पुढं केले. शेंदराचे थरावर थर चढून तो दुप्पट झाला होता. तिचे तिरळे डोळे बुजले होते आणि त्या जागी कुणीतरी चांदीचे डोळे बसवले होते. ते सरळ तिच्याकडं बघत होते. तिला कळत होतं की हा तोच दगड आहे. त्याचं वजन तिच्या ओच्याला अजून आठवत होतं. पण हात दगडाला लागायच्या आधी एकमेकांना लागले. तिनं ते सोडवले आणि पुन्हा पुढं केले. आणि मग तिच्या मनात आलं, की समजा. राधाकिशनला पाणी लागलंच की. समजा, एवढ्या लोकांनी एवढं रडून मागितलं आणि त्यातलं थोडं ह्यात उतरलं असलं तर? आणि उठवल्याचा राग त्यानं काढायचा कुणावर? तिनं मान वळवून मंजुळाच्या पोटाकडं पाहिलं.

"उचला की, आत्याबाई," मंजुळा म्हणाली. "दगडच हाय त्यो."

केसरबाई हलेना. मंजुळानं वाट पाहिली. मग ती स्वतःच एक हात पोटाखाली धरून खाली वाकली आणि दुसरा हात दगडाला घालायला लागली. केसरबाईनं तिचा हात एवढ्या जोरानं मागं ओढला की दोन बांगड्या फुटल्या.

"हात लावू नगं. पोटुशी हायस तू."

"म्हणून तर लावते," मंजुळा म्हणाली.

पण सासूनं तिचं मनगट सोडलं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. उजाडलं. बांधावरून स्पीकरचे कर्णे घेऊन शहादेव आणि त्याचे मित्र येताना दिसले, आणि केसरबाईनं, दुसरं काय करावं ते न कळून, शेंदराची वाटी हातात घेतली.

माशी शिवरात्रीला दुपारी उठली. स्पीकर, हलगी, आणि उदाचा असा धूर की बाभूळ दिसेना. आधी एका पेटीतून, मग दुसरीतून, मग सगळ्याच पेट्यांतून माश्यांचे लोट वर आले, बाभळीभोवती एक फेरा मारला आणि डोंगराच्या दिशेनं निघून गेले. लोकांनी जयजयकार केला. मोहळबा जत्रेला स्वतः उठला, असं ते म्हणत होते. बाया आकाशाकडं हात जोडून रडत होत्या. केसरबाईही रडत होती. सगळ्यांत जास्त तिलाच भक्ती आली असं लोकांना वाटलं. बांधावर मंजुळा कांद्याच्या गोंड्यांत एकटी उभी होती. आवाज थांबल्यावर तो तुकडा कसा लागतो, ते तिला एकटीलाच ऐकू आलं असेल.

गोंडे पोचट निघाले. कडेचे काही भरले, पण ते काही संस्थेला पुरण्यासारखे नव्हते. बायांनी केसरबाईला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. देवाची इच्छा म्हणाल्या आणि पांगल्या. संस्थेची पाटी काही दिवस ओट्यावर होती, मग शेडला एक पत्रा कमी पडला तिथं गेली. रिकाम्या पेट्या मोहळबाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं मांडल्या, त्यांवर दिवे लावायची सोय छान झाली. वैशाखात मंजुळा बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. गाव म्हणालं, मोहळबाची कृपा. केसरबाईनं ते ऐकलं आणि तिच्या मनात चोरपावलांनी आलं, की बरं झालं, आपण उठवला नाही. असं वाटल्याबद्दल तिला स्वतःची चीड आली, पण वाटायचं ते वाटलंच.

त्या साली पाऊस बरा झाला, पण एका पावसानं कोयते सुटत नसतात. दसऱ्यानंतर मुकादमाचे ट्रॅक्टर आले. आता नवी चाल पडली होती. गाव सोडायच्या आधी ट्रॅक्टर मोहळबापाशी थांबायचे, माणसं खाली उतरून कोयते देवापुढं मांडायची, आणि पुजारीण एकेका पात्याला अंगठ्यानं शेंदूर लावायची. म्हणजे फडात हात कापत नाही, साप आडवा येत नाही. केसरबाई शेडमध्ये बसली होती. कोयते पुढं येत होते, ती अंगठा वाटीत बुडवत होती आणि लावत होती. कुणाचा कोयता ते ती बघत नव्हती. वर बघायचंच नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

मग एक कोयता समोर आला, त्याच्या मुठीला जुनं फडकं गुंडाळलेलं होतं. ते फडकं तिच्याच लुगड्याचं होतं. तिचा अंगठा वाटीतच राहिला.

मंजुळा समोर उभी होती. मागं ट्रॅक्टरवर सटवा भांड्यांची गाठोडी बांधत होता. लेकरू तिच्या खांद्यावर होतं, टोपरं घातलेलं, जागं. मागं रांग खोळंबली आणि शहादेव हळूच म्हणाला, की मावशी, ट्रॅक्टर निघायचेत.

"लावा, आत्याबाई," मंजुळा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सगळ्यांच्याला लावला."

केसरबाईनं लावला. अंगठा पात्यावरून मुठीपर्यंत ओढला, इतरांपेक्षा जास्त वेळ, जास्त शेंदूर. मग सवयीनं, रोज येणाऱ्या लेकरांना लावते तसा, तिनं तोच अंगठा नातीच्या कपाळाकडं नेला.

मंजुळानं लेकराचं तोंड आपल्या खांद्यात फिरवून घेतलं.

"हिला नगं," ती म्हणाली, आणि कोयता उचलून ट्रॅक्टरकडं गेली.

केसरबाईचा अंगठा तसाच हवेत राहिला. मग पुढच्या बाईनं आपला कोयता समोर ठेवला, आणि तिनं अंगठा त्याच्या पात्यावर टेकवला.